उस्मानाबादच्या बायकांचं देणं

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल काहीही वाचायला घ्या, 'विकसनशील देशांतल्या स्त्रियांचं अज्ञान' हे शब्द पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदातच भेटतात. मला ते फार लागतात. या आजारातून बायका कशा वाचवायच्या हे जगाला ज्यांच्यामुळे कळलं, त्यांत उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या बायका आहेत, मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या आहेत, तमिळनाडूतल्या दिंडिगल जिल्ह्यातल्या आहेत. त्यांतल्या हजारोंनी तपासण्या करून घेतल्या. हजारोंच्या वाट्याला तपासणी आलीच नाही आणि त्यांतल्या काही गेल्या. तेव्हा कुठे पुस्तकांत छापायला आकडे मिळाले. आणि अडाणी म्हणून बोट दाखवायचं ते त्यांच्याच लेकीसुनांकडे.

माझी धाकटी मावशी या आजाराने गेली. बडोद्यातच, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे राहायची. तिला अडाणी म्हणायची कोणाची छाती झाली नसती. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनाही, त्यामुळे आमच्याकडे आजीसुद्धा पोथीबरोबर वर्तमानपत्र वाचणारी होती. मावशी तर मॅट्रिक होऊन नोकरी केलेली. एक मराठी आणि एक गुजराती वर्तमानपत्र रोज शेवटच्या पानापर्यंत वाचून काढायची. कॅन्सर म्हणजे काय ते तिला चांगलं ठाऊक होतं.

पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एक दिवस तिला कपड्यावर डाग दिसला. तिला वाटलं, उष्णता झाली. मग धण्याजिऱ्याचं पाणी, सब्जा, गुलकंद. डाग थांबला, महिन्याभराने परत आला. त्याच्याही आधीपासून अंगावरून पांढरं जात होतं, त्याला वास येत होता. ती दिवसातून दोनदा आंघोळ करायची, आपले कपडे वेगळे धुवायची, आणि आम्हाला वाटायचं वयाप्रमाणे हिचं सोवळं वाढलंय. मध्ये एकदा ती एकटीच एका दवाखान्यात जाऊन आली होती, हे आम्हाला फार नंतर कळलं. तिथे तिला टेबलावर घेतलंच नाही. आत न बघता, पांढरं जातं एवढं ऐकून गोळ्या लिहून दिल्या. त्या तिने नेमाने घेतल्या. कंबर धरली, एक पाय सुजला, रात्रीची झोप गेली, तेव्हा ती माझ्या आईजवळ बोलली. तेही स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन.

तिसरी स्टेज होती. ऑपरेशनची वेळ टळून गेलेली. बाहेरून रेडिएशन, आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची बाटली, मग आतून द्यायचं रेडिएशन. हे सगळं तिने फार धीराने केलं. रिक्षात बसताना खाली उशी घ्यावी लागायची, ती मात्र ती साडीखाली झाकून न्यायची. वाटेत कोणी ओळखीचं भेटलं तर 'मूत्राशयाचा त्रास आहे' असं सांगायचं, हे तिने आम्हा सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं. एकदा तिने मला विचारलं, "तू शाळेत सायन्स शिकवतेस ना, मग सांग बरं, हे आधी कळण्यासारखं होतं का गं?"

होतं. तेव्हा साल २०१२ होतं आणि ते तीन वर्षांपूर्वी, २००९ साली, उस्मानाबाद जिल्ह्यात सिद्धही झालेलं होतं.

हा आजार कसा होतो ते मी सांगते, कारण ते नीट समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. गर्भाशयाचं तोंड, ज्याला आमच्या बायका पिशवीचं तोंड म्हणतात, तिथे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही नावाचा विषाणू शिरतो. तो शरीरसंबंधातून येतो आणि इतका सर्रास आहे की संसारी स्त्री-पुरुषांपैकी बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी गाठतोच. दहापैकी नऊ वेळा शरीर त्याला वर्षा-दोन वर्षांत स्वतःच हुसकून लावतं. त्याच्या दोनशेहून अधिक जाती आहेत, त्यांतल्या डझनभर जाती घातक. १६ आणि १८ नंबरच्या दोनच जातींमुळे या कॅन्सरच्या सुमारे ७० टक्के केसेस होतात. जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३-८४ मध्ये या दोन जाती शोधल्या आणि २००८ साली त्यांना नोबेल मिळालं.

ज्या थोड्या बायकांच्या अंगात हा विषाणू ठाण मांडून बसतो, त्यांच्या पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बदलत जातात. कॅन्सर व्हायला सहसा पंधरा ते वीस वर्षं लागतात; एचआयव्हीसारख्या आजाराने प्रतिकारशक्ती खचलेली असेल तर याहून बरीच कमी. एवढ्या वर्षांत काही दुखत नाही, खुपत नाही. आमच्या जुन्या वाड्याच्या भिंतीत ओल अशीच शिरायची. वरचा रंग जागच्या जागी आणि आतली माती भुसभुशीत. दुखायला लागतं, डाग पडतात, वास येतो, तेव्हा ती वीस वर्षं संपलेली असतात. म्हणून या आजारात तब्येत ठणठणीत असताना तपासून घ्यायचं असतं. आणि आपली अडचण नेमकी इथे आहे. आमच्या घरांतल्या बायका दुखणं अंगावर काढतात, उठवेना झालं म्हणजे डॉक्टरकडे जातात. काहीही होत नसताना आपल्यासाठी अर्धा दिवस काढून, कमरेखालचं उघडं करून, परक्या माणसाला दाखवायला जायचं, हे त्यांच्या दिवसात बसवायला कोणी जागाच ठेवलेली नाही. सासऱ्यांची शुगर तपासायची तारीख कॅलेंडरवर लिहिलेली असते, मुलांच्या दातांची असते. तिची तारीख मी अजून कोणाच्या भिंतीवर पाहिलेली नाही.

आता उस्मानाबादकडे वळते. त्याचं नाव आता धाराशिव आहे. १९९९ साली तिथे एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,००० हून जास्त बायका, चार गट. एका गटाची एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याची पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेऊन तपासायच्या, तिसऱ्याची व्हिनेगरच्या पाण्याची तपासणी, आणि चौथ्या गटाला नुसती माहिती. तपासणी आयुष्यात एकदाच. मग वर्षानुवर्षं कोणाला काय होतं ते पाहत राहिले. २००९ मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ जणी गेल्या. ज्यांची काहीच तपासणी झाली नव्हती त्या साधारण तेवढ्याच मोठ्या गटात ६४. एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्मे केले. आज जागतिक आरोग्य संघटना तपासणीसाठी एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती देते, त्यामागच्या भक्कम पुराव्यांत हा एक आहे.

त्या चौसष्ट बायकांशी माझं मन अडकून राहतं. तुलनेसाठी एक गट बिनतपासणीचा ठेवावा का, यावर पुढे तज्ज्ञांमध्ये कडाक्याचे वाद झाले. अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं, त्या काळी देशात सर्रास मिळत होतं तेच, म्हणजे काहीच नाही, ते या गटाला मिळालं. विरोधकांचं म्हणणं, उपाय माहीत असताना तो हातचा राखला. मला विरोधकांचं म्हणणं पटतं. पण वाद कसाही सुटो, त्या बायका गेल्या, आणि त्यांच्या जाण्याने आपल्याला जे कळलं ते वापरायचं की नाही हे आता आपल्या हातात आहे.

मुंबईतला अभ्यास मला त्याहून जवळचा वाटतो, कारण तो आपल्या कोणाच्याही वस्तीत उद्या सुरू करता येईल इतका साधा आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांवर तो केला. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून तयार केलं होतं. साधन काय, तर पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, एक कापसाचा बोळा आणि एक चांगला दिवा. बारा वर्षांनी मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. लाखो रुपयांचं यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही, वीज गेली तर बॅटरीसुद्धा चालते.

आणि एवढं कळल्यावर देशात काय झालं? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं की ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली आहे का. हो म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोन सुद्धा नाहीत. २०२२ या एका वर्षात भारतात अंदाजे १,२७,००० बायकांना हा कॅन्सर झाला आणि ८०,००० च्या आसपास गेल्या. जगात या आजाराने दगावणाऱ्या शंभर बायकांतल्या चौऱ्याण्णव गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या असतात.

आमच्या बडोद्याचं नावही या इतिहासात आहे, आणि इथली माणसं ते सहसा काढत नाहीत. २००९ सालच्या उत्तरार्धात आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदरा जिल्ह्यात दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. 'पाथ' ही अमेरिकन संस्था, आयसीएमआर ही आपली वैद्यकीय संशोधन परिषद आणि दोन्ही राज्य सरकारं त्यात होती. खम्ममला चौदा हजारांच्या आसपास आणि आमच्याकडे दहा हजारांच्या आसपास मुलींना लस मिळाली. मग सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या, पाच तिकडच्या, दोन इकडच्या. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. चौकशीत दिसलं की मृत्यूंची कारणं सर्पदंश, बुडणं, विषबाधा, ताप अशी होती आणि लशीशी त्यांचा संबंध लागत नव्हता. पण त्याच चौकशीत दुसरंही दिसलं. खम्ममला वसतिगृहांतल्या मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वॉर्डननी सह्या केल्या होत्या. मुलींना धड माहिती दिलेली नव्हती. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने या सगळ्यावर कडक ताशेरे ओढले, आणि योग्यच केलं.

मी तेव्हा शाळेत शिकवत होते. मुलींच्या आया मला गाठून विचारायच्या, 'बेन, या लशीने मुलींना पुढे मूल होत नाही म्हणतात, खरं का?' ही अफवा त्यांच्यापर्यंत पोचली होती, लस कशासाठी आहे ते पोचलं नव्हतं. माणसाला विश्वासात न घेता त्याच्या भल्याचं काही करायला गेलं की काय होतं, ते आम्ही इथे पाहिलं. त्यानंतर कितीतरी वर्षं या लशीचं नाव काढायला सरकारं कचरत होती. २०१८ साली सिक्कीमने शाळाशाळांतून लस दिली आणि जवळजवळ सगळ्या मुलींपर्यंत ती पोचली. रवांडाने तर २०११ मध्येच देशभर सुरुवात करून नव्वद टक्क्यांच्या वर मुली गाठल्या होत्या. डोंगराळ, गरीब, नुकताच नरसंहारातून सावरलेला देश. तिथे आधी गावोगावी माणसं गेली, बोलली, मग सुया आल्या.

याच बंदीतून एक विलक्षण गोष्ट घडली, ती मी भेटेल त्याला सांगते. त्याच सुमाराला भारतात एक वेगळा अभ्यास चालू होता. बार्शी, पुणे, अहमदाबाद अशा ठिकाणी दहा ते अठरा वर्षांच्या साडेसतरा हजारांवर मुली त्यात होत्या. लशीचे तीन डोस लागतात की दोन पुरतात, एवढाच प्रश्न होता. एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळ्याच एचपीव्ही लशींचे अभ्यास थांबवले, तेव्हा यांतल्या पाच हजारांच्या आसपास मुलींचा एकच डोस झालेला होता. दुसरा कधी मिळालाच नाही. संशोधकांनी त्यांना सोडून दिलं नाही, दहा वर्षं त्यांच्या मागावर राहिले. २०२१ मध्ये निकाल आला: १६ आणि १८ नंबरच्या विषाणूच्या चिवट संसर्गापासून एका डोसने दिलेलं संरक्षण दोन-तीन डोसांच्या तोडीचं होतं, ९५ टक्क्यांच्या आसपास. २०२२ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं म्हटलं, आणि देशामागून देश एका डोसवर आले. ज्या देशांना तीन डोस झेपत नव्हते त्यांना एक झेपू लागला. अर्धवट राहिलेल्या आपल्या मुलींनी आफ्रिकेतल्या मुलींसाठी लस स्वस्त करून ठेवली. त्यांतल्या कोणाला हे कोणी घरी जाऊन सांगितलं असेल का? सांगायला हवं होतं.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हावॅक' ही आपली लस २०२२ मध्ये मंजूर झाली आणि २०२३ च्या सुरुवातीला बाजारात आली. माझ्या धाकट्या जावेची मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. मी विषय काढला तर जाऊ एकदम गोरीमोरी झाली. "अहो वहिनी, एवढीशी पोर, तिला हे आत्तापासून कशाला? आणि तिने विचारलं कशाची लस, तर मी काय सांगू?"

हा प्रश्न खरा आहे, त्याला हसून उडवू नये. मी तिला म्हटलं, लस आजार बरा करत नाही, विषाणू शिरायच्या आधी त्याची वाट अडवते, म्हणून ती लहानपणीच द्यायची. नऊ ते चौदा या वयात शरीरही तिला उत्तम प्रतिसाद देतं. लस दिली म्हणून पोर बिघडत नाही. धनुर्वाताची सुई दिली म्हणून आपण मुलांना गंजलेल्या खिळ्यांवर नाचायला पाठवत नाही. आणि मुलीने विचारलं, तर खरं सांग. पुढे तुझं लग्न होईल, संसार होईल, तेव्हा होऊ शकणाऱ्या एका कॅन्सरपासून ही जपते. बारा वर्षांच्या मुलीला एवढं समजतं. मी जन्मभर त्याच वयाच्या मुलींना शिकवलं आहे. त्यांना जेवढं सांगाल त्यापेक्षा थोडं जास्तच समजलेलं असतं. जावेने आठवडाभर विचार केला, दिरांशी बोलली आणि लस दिली. इंग्लंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींमध्ये हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी घटला, हे दिरांना पटलं. जावेला पटली ती मावशीची हकीकत.

हा आजार शरीरसंबंधातून येतो हे कळलं की बायका आणखी मिटून जातात. त्याबद्दल स्पष्ट लिहायलाच हवं. नवरा सोडून कधी कोणाकडे वर मान करून पाहिलं नाही अशा बाईलाही हा आजार होतो. एका माणसाशी आलेला संबंध पुरतो, आणि विषाणू कधी आला हे कोणालाच सांगता येत नाही. वीस वर्षांपूर्वीचा असू शकतो, नवऱ्याच्या लग्नाआधीच्या आयुष्यातला असू शकतो. निरोधने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. त्यावरून बाईच्या चारित्र्याचं किंवा घरात कोणी कोणाला फसवलं याचं माप काढणं चूक आहे, क्रूर आहे. विधवा बायका मला म्हणतात, 'आम्हाला आता काय त्याचं?' त्यांनाच सांगायचं असतं की आता संबंध नसला तरी तपासणी हवीच. मावशी विधवा होऊन बरीच वर्षं झाली होती.

जागरूकतेच्या नावाखाली भीती घालणंही मला नको वाटतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गोष्ट २०१९ मध्ये बाहेर आली. सर्वेक्षणातल्या ८२,००० वर बायकांपैकी १३,००० हून जास्त बायकांची पिशवी काढलेली होती, कित्येकींची ऐन तरुण वयात. अंगावरून जातंय म्हणून दवाखान्यात गेल्या, तर 'काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल' असं ऐकून घरी आल्या. कर्ज काढून ऑपरेशन केलं, आणि पुढे कंबरदुखी, अशक्तपणा, घाम फुटणं. त्या बायकांना कॅन्सर हा शब्द पुरेपूर माहीत झाला होता. ज्या साध्या तपासणीने बहुतेकींना 'काही नाही, घरी जा' असं सांगता आलं असतं, ती कोणी केली नाही. पांढरं जाण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात, औषधाने बरी होणारी. आत बघितल्याशिवाय गोळ्या देणं जितकं वाईट, तितकंच आत बघितल्याशिवाय पिशवी काढणं वाईट.

म्हणून तपासणीत नक्की काय होतं ते मी बायकांना सविस्तर सांगते, कारण अर्धी भीती न पाहिलेल्या टेबलाची असते. मी स्वतः पहिल्यांदा गेले तेव्हा हातपाय गार पडले होते. पडद्याआड टेबल, त्यावर प्लास्टिकचा कागद. आतले कपडे काढून आडवं व्हायचं, गुडघे दुमडून पाय फाकवायचे, नर्स मांड्यांवर चादर घालते. मग स्पेक्युलम नावाचं, बदकाच्या चोचीसारखं उघडणारं साधन आत घालतात. गार लागतं, ताण बसतो, आपण आखडून घेतलं तर दुखतं. माझ्या नर्सबाई मोठ्या समजूतदार होत्या. "बेन, तोंडाने श्वास सोडा, ढीलं ठेवा," म्हणत राहिल्या. व्हिनेगरची तपासणी असेल तर बोळ्याने ते पाणी पिशवीच्या तोंडाला लावतात, किंचित चुरचुरतं, आणि मिनिटभर थांबतात. पेशी बदललेल्या असतील तर तिथे पांढरा पट्टा दिसायला लागतो. नसेल तर तिथल्या तिथे सांगतात, उठा. पॅप किंवा एचपीव्ही चाचणी असेल तर मऊ ब्रशने नमुना घेतात आणि रिपोर्ट मागाहून येतो. एचपीव्हीचा नमुना तर बाई न्हाणीघरात जाऊन स्वतःचा स्वतः घेऊ शकते, टेबलावर चढायलाच नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली आहे. लाजणाऱ्या बायकांसाठी याहून चांगली वाट मला दिसत नाही, आणि ती वस्तीवस्तीत का येत नाही याचा मला राग येतो.

पांढरा पट्टा दिसला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. दुर्बिणीने नीट बघतात, लागलं तर तुकडा काढून तपासतात, आणि कॅन्सरच्या आधीची अवस्था असेल तर थंडाव्याने किंवा उष्णतेने तेवढी जागा जाळून टाकतात. भरती व्हावं लागत नाही, पिशवी जागेवर राहते. मावशीने जे भोगलं त्याच्या शेजारी हे ठेवून पाहिलं की मला अजूनही भडभडून येतं.

आता आम्ही मांजलपूरला राहतो. सोसायटीत मराठी घरं पुष्कळ, संक्रांतीची हळदीकुंकवं रथसप्तमीपर्यंत चालतात. या गावच्या चिमणाबाई महाराणी १९२७ साली पुण्याला भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष होत्या, तेव्हा बायकांनी जमून बोलायचं इथे कोणाला नवं नाही. पण बोलणं साडीच्या पदरापुढे सरकत नव्हतं. यंदा वाण लुटताना मी मावशीबद्दल बोलले, तिचा आजार नावासकट सांगून. ती असती तर रागावली असती असं मला आधी वाटायचं. आता वाटत नाही. प्रश्न तिनेच विचारला होता. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग कोपऱ्यातल्या एका आजींनी सुनेला मोठ्याने सांगितलं, "तुझं ते दोन पाळ्यांच्या मधलं जातं ना, दाखवून ये. मी येते बरोबर." ती सून लाल झाली. पण त्यानंतर ज्या एकेक बोलायला लागल्या, त्यांत संबंधानंतर रक्त दिसणाऱ्या दोघी होत्या. वर्षानुवर्षं गप्प बसलेल्या.

आता आम्ही गटाने जातो. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीस ते पासष्ट वयाच्या बाईची व्हिनेगरची तपासणी पाच वर्षांतून एकदा सरकारी केंद्रात व्हायची आहे, फुकट. प्रत्यक्षात कुठल्या केंद्रात, कुठल्या वारी, शिकलेल्या नर्सबाई हजर आहेत का, हे आशाताईंना आधी विचारून जावं लागतं, नाहीतर हेलपाटा होतो आणि एकदा परत फिरलेली बाई पुन्हा येत नाही. गेलेल्यांपैकी एकीला पुढच्या तपासणीला बोलावलं. तिच्या नवऱ्याचा पहिला प्रश्न 'तुला कशाला जायला सांगितलं होतं?' असा होता. आजी तिच्याही घरी गेल्या आणि तासभर बसून आल्या. मी लस घेतलेल्या पुतणीलाही सांगून ठेवलं आहे, तिशी आली की तपासणी चुकवायची नाही, कारण लस सगळ्या जातींना अडवत नाही.

माझ्याकडे स्वयंपाकाला येतात त्या बाई दाहोदकडच्या, पस्तिशीच्या, तीन मुलांच्या आई. सकाळी पाच घरं करतात. तपासणीची वेळ तीच. जागरूकता त्यांना माझ्याइतकीच आली तरी त्या जाणार कशा? आम्ही पाच घरांनी बसून ठरवलं, एका दिवसाची भर पगारी सुट्टी, आणि ते त्यांच्या समोर ठरवलं. त्यांनी पोळ्या लाटता लाटता विचारलं, कपडे काढावे लागतात का? मी सांगितलं, साडी नेसून जा, सलवार नको. साडी वर सरकवली की झालं. पाळी चालू असेल तर जायचं नाही. आदल्या रात्री संबंध नको, आत काही औषध लावायचं नाही. आधार कार्ड घ्या. त्यांनी पीठ झाकलं, हात धुतले आणि मला म्हणाल्या, माझ्याबरोबर माझी थोरली जाऊही येईल, तिला फार दिवसांपासून कपड्याला लागतंय, तिचं आधी बघायला सांगाल का? मी आशाताईंना फोन लावला. थोरल्या जावेला केंद्रातल्या गुरुवारच्या तपासणीची वाट बघायला न लावता उद्याच थेट मोठ्या हॉस्पिटलात न्या, असं त्या म्हणाल्या. रक्त जात असेल तर व्हिनेगरच्या तपासणीत वेळ घालवायचा नाही, डॉक्टरांनीच बघायचं. उद्या सकाळी आठला रिक्षा सांगितली आहे.